मजुरांचं आधार, सिम आणि फोन सुरक्षित करताना क्रम चुकवू नका : नाशिकमधल्या वस्ती-शिबिरांसाठी मार्गदर्शक

वस्तीवर शिबिर घेतलं, पन्नास जणांच्या आधारला बोटांचं लॉक, म्हणजे ठशाचा वापर बंद करणारी सोय, लावून दिलं, काम फत्ते. पुढच्या महिन्यात त्यातलेच काही जण रेशन दुकानातून रिकाम्या पिशवीने परत येतात. लॉक उघडायचा ओटीपी ज्या नंबरवर जातो, तो नंबर गावाकडे कधीच बंद पडलेला असतो. हेतू चांगला होता, क्रम उलटा झाला. ही चूक इतकी वारंवार होते की हा लेख मुख्यतः क्रमाबद्दलच आहे.

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत सुरगाणा, पेठहून येणाऱ्या टोळ्या, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले उत्तर प्रदेश-बिहारचे कंत्राटी कामगार, पेठ नाक्यावर सकाळी उभे राहणारे मजूर, सिंहस्थाच्या कामांसाठी आलेले बांधकाम मजूर : यांच्यात काम करणाऱ्या संघटना, युवक मंडळं, शिक्षक आणि पॅरालीगल कार्यकर्ते यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

मनात एक गोष्ट पक्की ठेवा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर ज्याच्या हातात, त्याच्या हातात त्या माणसाचे व्यवहार. म्हणून आधी नंबर, मग तपासणी, मग लॉक. कागद आणि फोन त्यानंतर.

तयारी : आदल्या आठवड्यात

एका माणसाला नीट वेळ दिला तर वीस मिनिटं लागतात. दोन कार्यकर्ते, दोन तास, म्हणजे बारा माणसं. शंभर जणांचं शिबिर ठरवू नका. त्यात घाई होते आणि घाईत ओटीपी मोठ्याने ओरडून सांगितले जातात.

सकाळी नाक्यावर टेबल टाकून उपयोग नाही. त्या वेळी माणूस कामाच्या शोधात असतो, गाडी आली की अर्ध्यावर उठून जातो. वस्तीवर संध्याकाळी जा. बागेतली टोळी असेल तर स्वयंपाक आटोपल्यावर. बायकांसाठी वेगळी वेळ ठेवा, कारण बऱ्याच घरांत फोन नवऱ्याकडे असतो आणि त्याच्यासमोर त्या काही बोलत नाहीत.

सोबत घ्यायचं : चार्ज केलेली पॉवर बँक, स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट, कोरे कागद, जाड काळं पेन, दहा-बारा छोट्या खिशातल्या डायऱ्या (प्रत्येक मजुराला एक). लॅपटॉप शक्यतो नेऊ नका. प्रत्येक काम त्या माणसाच्या स्वतःच्या फोनवर, त्याच्याच बोटाने व्हायला हवं. तुम्ही शेजारी बसून सांगायचं. फोन हातात घेतला की काम लवकर होतं, पण पुढच्या वेळी त्याला एकट्याला ते जमत नाही.

दुभाषा टोळीतलाच घ्या, मुकादम नको. मुकादमाला शिबिराची कल्पना जरूर द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी टोळीला त्रास होतो. पण त्याला टेबलाशी बसवू नका. अनेकांच्या आधारला त्याचाच नंबर जोडलेला असतो, आणि उचल घेतलेला माणूस त्याच्यासमोर ते सांगणार नाही.

⚠ इशारा : नोंदवहीत तीनच गोष्टी लिहा : पहिलं नाव, संपर्काचा नंबर, कोणत्या टप्प्यापर्यंत काम झालं. आधार क्रमांक, जन्मतारीख, बँक खातं लिहू नका. आधारचे फोटो तर मुळीच काढू नका. कार्यकर्त्याच्या गॅलरीत साठलेले दोनशे आधार कार्डांचे फोटो हा वस्तीला असलेला सगळ्यात मोठा धोका आहे, आणि तो आपणच तयार केलेला असतो.

टप्पा १ : आधारला नंबर कोणाचा आहे?

1. त्या माणसाच्या फोनवर आधारचं सरकारी संकेतस्थळ उघडा. पत्ता 'डॉट गव्ह डॉट इन'ने संपतो का, ते आधी बघा. गुगलवर शोधल्यावर वर येणारी जाहिरात दाबू नका.
2. आधार वैध आहे का ते तपासण्याची सेवा निवडा. इथे ओटीपी लागत नाही. आधार क्रमांक टाकला की वयोगट, लिंग, राज्य आणि जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन अंक दिसतात.
3. ते तीन अंक कोणाच्या नंबरचे आहेत, ते शांतपणे विचारा.

नंबर स्वतःचा आणि चालू असेल तर पुढच्या टप्प्यावर जा. बायकोचा किंवा मुलाचा असेल आणि ते गावी असतील, तर पुढचं काम फोनवर त्यांना सोबत घेऊनच होईल. नंबर मुकादमाचा, एजंटचा, आधी काम केलेल्या ठेकेदाराचा असेल किंवा नंबरच जोडलेला नसेल, तर त्या माणसासाठी आजचं आधारचं काम इथेच थांबवा. त्याला टप्पा ५ कडे न्या.

नंबर बदलायला साधारणपणे आधार केंद्रावर स्वतः जावं लागतं. यासाठी कुठलाही पुरावा-कागद लागत नाही, बोटाचा ठसा लागतो. सरकारी शुल्क ७५ रुपये आहे. पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही. तिच्यावर अर्जाचा क्रमांक असतो आणि पुढची चौकशी त्यावरच होते. वस्ती लांब असेल तर जवळच्या पोस्टात विचारा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमन दारात येऊन नंबर जोडून देतात, आणि आठ-दहा जणांचं काम एकाच वेळी असलं की वेळ ठरवणं सोपं जातं.

एक गोष्ट प्रत्येकाला समजावून सांगा. रिचार्ज संपलेलं सिम डबीत ठेवून दिलं की नंबर आपलाच राहतो, हा समज चुकीचा आहे. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि पुढे तो दुसऱ्या कोणाला मिळतो. मग आपल्या आधारचा ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतो. हंगामाला येताना नवं सिम घेणाऱ्या टोळ्यांमध्ये हे सर्रास घडतं. आधारचा नंबर एकच ठेवा आणि तो जिवंत ठेवा.

✔ तपासणी : नंबर जोडल्यावर पुन्हा तेच तीन अंक बघा. पावती मिळाली म्हणजे नंबर जोडला गेलाच, असं धरू नका.

टप्पा २ : नावावर किती सिम चालू आहेत?

सिमकार्डाच्या छत्रीखाली काय होतं, ते जवळून बघा. विक्रेता आधार क्रमांक टाकतो, ठसा घ्यायचं यंत्र पुढे करतो. माणूस अंगठा ठेवतो. "दादा, नाही लागला. पुसून परत ठेवा." दुसऱ्यांदा ठेवतो. "आता डोळे मिचकावा, फोटो." खरं तर पहिलाच ठसा लागलेला असू शकतो, दुसऱ्या ठशावर दुसरं सिम निघतं आणि ते तिसऱ्याच माणसाला विकलं जातं. सिमेंट-चुन्यात काम करणाऱ्यांचे ठसे खरोखरच लागत नाहीत, त्यामुळे त्यांना संशयही येत नाही.

1. 'संचार साथी' या दूरसंचार विभागाच्या संकेतस्थळावर जा.
2. आपल्या नावावरची मोबाइल जोडणी बघायचा पर्याय निवडा. मोबाइल नंबर टाका, आलेला ओटीपी भरा.
3. नावावर असलेल्या नंबरांची यादी येते. एका माणसाच्या नावावर ९ जोडण्यांची मर्यादा आहे. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडच्या राज्यांत ६.
4. प्रत्येक नंबरापुढे पर्याय असतात : हा माझा नंबर नाही, याची गरज नाही, गरज आहे. निवडून तक्रार पाठवा आणि मिळालेला संदर्भ क्रमांक डायरीत लिहा.

⚠ इशारा : यादी आली की लगेच 'माझा नाही' दाबू नका. गावाकडे आईला, बहिणीला, मेहुण्याला आपल्या नावावर सिम घेऊन दिलेलं असतं आणि ते विसरलेलं असतं. ते बंद पडलं तर त्यांचं बँक खातं अडतं. आधी फोन करून विचारा. शंका राहिली तर तो नंबर आज सोडा, आठ दिवसांनी ठरवा.

टप्पा ३ : आधार कुठे वापरलं गेलं?

आधारच्या संकेतस्थळावर ओटीपीने आत गेल्यावर 'ऑथेंटिकेशन हिस्ट्री' मिळते. मागच्या सहा महिन्यांतल्या, जास्तीत जास्त ५० नोंदी दिसतात : तारीख, वेळ, ठसा वापरला की ओटीपी, कोणत्या संस्थेने विचारलं, यश आलं की अपयश.

यादीतली नावं कंपन्यांची असतात, दुकानाची नसतात. रेशन दुकानातला ठसा पुरवठा खात्याच्या नावाने दिसतो, सिमचा ठसा मोबाइल कंपनीच्या. त्यामुळे नाव ओळखीचं नाही म्हणून घाबरवून सोडू नका. तारीख आणि वेळ विचारा : "त्या दिवशी कुठे होता?" बागेत छाटणी चालू असताना दुपारी दोन वाजता एखाद्या बँकेसाठी यशस्वी ठसा दिसला, तर तो नंतरच्या तक्रारीसाठी पुरावा आहे. स्क्रीनशॉट त्याच माणसाच्या फोनवर ठेवा.

टप्पा ४ : बोटांचं लॉक. कोणाला लावायचं, कोणाला नाही

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून सावकाश घ्या.

लॉक कशासाठी? ठशावर पैसे काढायची जी सोय आहे, एईपीएस, तिच्यात कार्ड लागत नाही, पिन लागत नाही, ओटीपी येत नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा पुरतो. ठशाची नक्कल करून किंवा "ठसा लागला नाही" म्हणत दोनदा पैसे काढून लोकांना लुटलं गेलं आहे. लॉक असेल तर खराही ठसा चालत नाही, मग नक्कल कुठून चालणार?

पण तेच लॉक रेशनच्या ई-पॉस यंत्रालाही थांबवतं. बोट, बुबुळ, चेहरा, तिन्ही बंद होतात. ओटीपीवर चालणारी कामं सुरू राहतात. म्हणून लॉक लावण्याआधी तीन प्रश्न विचारा.

आधारचा नंबर तुमच्याच खिशातल्या फोनवर आहे का? नसेल तर लॉक नाही.

या महिन्यात ठसा किंवा चेहरा कुठे द्यायचा आहे? रेशन, रेशनची ई-केवायसी, पीएफचा नवा यूएएन क्रमांक, बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी, पेन्शनीचा हयातीचा दाखला. त्यातलं काही अर्धवट असेल तर आधी ते उरका.

लॉक तात्पुरतं उघडायला तुम्हाला एकट्याला जमेल का? जमत नसेल तर आज शिकवा, लॉक पुढच्या वेळी लावा.

घरचं रेशन अडेल का, ही शंका नेहमी येते. कार्डावरच्या कुठल्याही सदस्याचा ठसा चालतो आणि लॉक माणसागणिक असतं. नवरा नाशिकला लॉक लावून बसला तरी गावी बायको आपल्या ठशावर धान्य उचलू शकते. 'एक देश एक रेशन कार्ड'मुळे इथेही धान्य घेता येतं. पण इथे घेणारा तोच असेल, तर त्याला लॉक उघडता आलंच पाहिजे.

1. ओटीपीने आत जा, बायोमेट्रिक लॉकचा पर्याय निवडा, सूचना वाचून होकार द्या.
2. लॉक लागल्याची खूण दिसेपर्यंत थांबा.
3. आता तिथेच तात्पुरतं उघडायला लावा. दहा मिनिटांसाठी उघडतं आणि आपोआप पुन्हा बंद होतं.
4. हा सराव तीनदा करून घ्या. तिसऱ्यांदा तुम्ही गप्प बसा.

रेशन दुकानातला क्रमही सांगा. रांगेत उभं राहताच लॉक उघडायचं नाही, पुढे दोन माणसं उरली की उघडायचं. नाहीतर दहा मिनिटं रांगेतच संपतात. यंत्रावर ३३० हा चूक-क्रमांक आला तर त्याचा अर्थ लॉक चालू आहे. 'तुमचं आधार रद्द झालं' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. अडलंच तर आधारचा टोल-फ्री क्रमांक १९४७.

⚠ इशारा : आधार लॉक आणि बोटांचं लॉक ही दोन वेगळी बटणं आहेत. आधार क्रमांकच लॉक केला तर त्यानंतर सगळीकडे १६ अंकी आभासी क्रमांक वापरावा लागतो. वस्तीतल्या बहुतेकांना ते झेपणार नाही. त्या बटणाला हात लावू नका.

म्हातारी माणसं, फोन नसलेल्या बायका, नंबर दुसऱ्याचा असलेले, यांना लॉक लावू नका. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे : बँकेच्या शाखेत जाऊन एईपीएसने पैसे काढणं बंद करायचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. खातं एकच असेल आणि बँक वस्तीपासून लांब असेल, तर सोय बंद करण्याआधी त्यांच्याशी नीट बोला. हातात पैसे यायचा तो एकमेव रस्ता असू शकतो.

टप्पा ५ : कागद कुठे, किती, कसे द्यायचे

झाकलेलं आधार, म्हणजे फक्त शेवटचे चार अंक दिसणारं, संकेतस्थळावरून उतरवता येतं. उतरवताना 'मास्क्ड' हा चौकोन निवडायला लोक विसरतात आणि पूर्ण आधार छापून आणतात. फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि जन्मवर्ष. ज्याला नाव आणि वय माहीत आहे, त्याला पासवर्डही माहीत आहे. म्हणून झेरॉक्सच्या दुकानात छापलं, तर उठण्याआधी तिथल्या संगणकातली फाइल पुसून घ्यायची, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवली असेल तर दुकानदाराच्या चॅटमधूनही.

प्रत्येक झेरॉक्सवर आडवं लिहा : 'फक्त खोलीभाड्याच्या पोलीस नोंदणीसाठी', घरमालकाचं नाव, तारीख, सही किंवा अंगठा. अक्षरं छापील मजकुरावरून जायला हवीत. कोपऱ्यात लिहिलं तर कापून पुन्हा झेरॉक्स निघते.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं घरमालकाचं काम आहे. ते टाळायला सांगू नका. आधारच हवं असं म्हणाले तर झाकलेलं द्या, मतदार ओळखपत्र असेल तर ते पुढे करा. नोंद झाल्याची पोच मागा आणि तिचा फोटो ठेवा. चौकशीच्या वेळी तीच उपयोगी पडते.

ठेकेदाराच्या बाबतीत खोटा धीर देऊ नका. पीएफ आणि ईएसआयसाठी त्याला आधार क्रमांक आणि खाते क्रमांक खरोखर लागतो. आणि नोकरीच्या कामासाठी माहिती वापरायला २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात कामगाराच्या संमतीची सक्ती नाही. त्या कायद्याची मुख्य बंधनंही मे २०२७ पासून लागू व्हायची आहेत. 'आमची संमती लागते' असं गेटवर सांगून कामगार भांडला तर काम जाईल आणि हाती काही लागणार नाही.

पण मूळ आधार कार्ड, एटीएम कार्ड, पासबुक, पिन, सिम, ओटीपी यांतलं काहीही ठेकेदाराकडे राहता कामा नये. 'हंगाम संपला की देतो' ही भाषा ऐकू आली तर ती साधी बाब समजू नका. कागद अडकवून माणूस कामावर ठेवणं हे वेठबिगारीचं लक्षण आहे. १९७६ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. टोळीतल्या एकाच्या नावाने करू नका. संघटनेमार्फत, सगळ्यांसाठी करा.

कारखान्यात चेहऱ्याने किंवा अंगठ्याने हजेरी असेल तर खिशातली डायरी इथे कामी येते. रोज आत जायची आणि बाहेर पडायची वेळ, कोणत्या खात्यात काम केलं, सुपरवायझरचं नाव. यंत्राने चेहरा ओळखला नाही की खाडा पडतो आणि पगार कापला जातो. डायरी नसेल तर वाद घालायला आधारच नसतो. काम सोडताना 'माझा ठसा आणि फोटो यंत्रातून काढून टाकावा' असा दोन ओळींचा अर्ज द्या, पोच घ्या.

टप्पा ६ : फोन

इथे फार वेळ घालवायची गरज नाही, पाच गोष्टी पुरतात.

स्क्रीनला सहा अंकी पिन लावा. फक्त बोटावर ठेवू नका. झोपलेल्या माणसाचं बोट लावून फोन उघडतो. पिन जन्मसाल नको.

व्हॉट्सअॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. अनोळखी संगणक दिसला तर लॉग आउट करा. छपाईसाठी दुकानात क्यूआर स्कॅन करून दिलेला असतो, आणि चॅट त्या दुकानात उघडंच राहतं.

सेटिंगमध्ये परवानग्या बघा. हजेरीच्या अॅपला लोकेशन 'फक्त अॅप वापरताना' एवढंच द्या. 'नेहमी' दिलं असेल तर सुट्टीच्या दिवशीही माणूस कुठे आहे, ते ठेकेदाराला दिसू शकतं.

कर्जाची अॅप एकेक करून तपासा. डिजिटल कर्ज देणाऱ्या अॅपने फोनमधली संपर्क-यादी, कॉलची नोंद आणि फोटो घेऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मागत असेल तर ते अॅप ठेवायचं नाही. पण कर्ज चालू असेल तर अॅप काढण्याआधी कराराचे, हप्त्यांचे आणि धमकीच्या मेसेजचे स्क्रीनशॉट घ्या. आधी अॅप उडवून मग तक्रार लिहायला बसलं तर हातात काही उरत नाही.

फोन हरवल्यास लागणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून काढा आणि डायरीच्या शेवटच्या पानावर लिहा. हरवलेला फोन 'संचार साथी'वरून बंद करता येतो, त्यासाठी पोलीस तक्रारीची प्रत लागते.

⚠ इशारा : वस्तीचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला की प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, मुकादमालाही. त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करा. ज्याने तुमचा नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यालाच ब्रॉडकास्ट पोचतो, म्हणून शिबिरातच नंबर साठवून घ्या.

टप्पा ७ : पोलिसांनी थांबवलं तर

नाव आणि पत्ता खरा सांगायचा. पळायचं नाही, धक्काबुक्की नाही, दुसऱ्याचं ओळखपत्र दाखवायचं नाही. नम्रपणे विचारायचं : "साहेब, कोणत्या पोलीस ठाण्यातून आलात? चौकशी कशाबद्दल आहे?" नंतर लगेच डायरीत वेळ, जागा आणि नावाच्या पट्टीवरचं नाव लिहायचं.

ठसे, बुबुळ, फोटो घेण्याचा अधिकार देणारा २०२२ चा फौजदारी ओळख कायदा अटक झालेल्या, दोषी ठरलेल्या किंवा प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्या व्यक्तींसाठी आहे. त्याखाली घेतलेली नोंद ७५ वर्षं ठेवली जाते. न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश नसेल तर नाक्यावर कामाची वाट बघणाऱ्या माणसाला तो लागू होत नाही. तरी जागेवर हुज्जत घालू नका. घेतलंच तर तारीख-वेळेसह लिहून ठेवा आणि वकिलामार्फत लेखी विचारणा करा.

फोन जप्त केला तर पंचनाम्याची मागणी करा. त्यात आयएमईआय लिहिलेला असावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं बंधनकारक आहे. अटक झाली तर कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं आणि २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करणं आवश्यक आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर महिला पोलीस अधिकारी लागते आणि तिने न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते.

मालदा, मुर्शिदाबादकडून आलेल्या बांगला बोलणाऱ्या मजुरांसाठी ही तयारी जास्त बारकाईने करा. भाषेवरून संशय घेतला जातो, आणि तेव्हा आधार पुरत नाही. आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहिलं आहे की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. आपलं आणि आईवडिलांचं मतदार यादीतलं पान, शाळा सोडल्याचा दाखला, जमिनीचा कागद, जन्मदाखला, जे असेल त्याच्या प्रती घरी एका माणसाकडे आणि इथे एका विश्वासू माणसाकडे ठेवा. मूळ कागद नाशिकला आणू नयेत. गावच्या पंचायत सदस्याचा आणि तिथल्या पोलीस ठाण्याचा नंबर डायरीत हवा, फोनमध्ये नव्हे. फोन जप्त झाला तर डायरीच उरते.

मोफत वकिलासाठी राष्ट्रीय विधी सेवा क्रमांक १५१००. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न बघता ही मदत मिळते. नाशिकचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयात आहे. शिबिराआधीच तिथे एकदा जाऊन या, ओळख करून ठेवा.

टप्पा ८ : पैसे गेले तर

क्रम असा. पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, बँकेत जाण्याआधी. पैसे पुढच्या खात्यातून निघण्यापूर्वी अडवायचे असतात, म्हणून प्रत्येक मिनिट मोलाचं आहे. फोनवर सांगायला बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक तयार ठेवा. तो मेसेज घाबरून पुसू नका.

मग बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. बँक किंवा ग्राहक यांपैकी कोणाची चूक नसताना अनधिकृत व्यवहार झाला आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ग्राहकावर बोजा येत नाही. हंगामात लोक 'रविवारी जाऊ' म्हणतात, तोवर मुदत निघून जाते. त्या दिवसाची मजुरी बुडेल, हे खरं आहे. म्हणून अर्ज लिहून देऊन एखादा कार्यकर्ता त्याच्यासोबत सकाळी शाखा उघडताच जाऊ शकतो का, ते बघा.

मग पोलीस. 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असं म्हणाले तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते.

टप्पा ९ : कॅमेऱ्यांबद्दल विचारायचं असेल तर

सिंहस्थासाठी शहरात येणारी पाळत-यंत्रणा एकट्या मजुराला चुकवता येणार नाही. टोपी-रुमालाचे सल्ले देऊ नका, त्याने संशयच वाढतो. संघटनेने माहिती अधिकारात विचारावं. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांत हवा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'सगळी माहिती द्या' असं लिहिलं की अर्ज फेटाळला जातो. नेमकं विचारा : अमुक चौकातल्या कॅमेऱ्यांत चेहरा ओळखण्याची सोय आहे का, चित्रण किती दिवस ठेवतात, ते कोणाला दिलं जातं, त्याबाबतच्या लेखी आदेशाची प्रत. अर्ज संघटनेच्या पदाधिकाऱ्याने स्वतःच्या नावाने करावा, मजुराच्या नव्हे.

आठव्या दिवशी परत जा

शिबिर त्या संध्याकाळी संपत नाही. आठ दिवसांनी त्याच वस्तीवर जा आणि तीन गोष्टी बघा. ज्यांना लॉक लावलं त्यांनी तुमची मदत न घेता ते उघडून दाखवावं. ज्याला जमत नाही, त्याचं लॉक तिथेच काढून टाका. ज्यांचे नंबर जोडायला पाठवले होते, त्यांचे शेवटचे तीन अंक पुन्हा तपासा. 'संचार साथी'वर दिलेल्या तक्रारींचं पुढे काय झालं, ते संदर्भ क्रमांक टाकून बघा.

मग आपली नोंदवही. काम पूर्ण झालेल्यांची पानं महिनाभरात फाडून जाळा. कार्यकर्त्यांनी एकमेकांसमोर फोन उघडून गॅलरी, व्हॉट्सअॅप आणि गुगल फोटोंचा बॅकअप तपासावा, आणि फोनमधला कचऱ्याचा डबाही (ट्रॅश) रिकामा करावा. पुसलेला फोटो तिथे काही दिवस पडून असतो.